बाग आहे, वाट नाही

देशातल्या प्रत्येक शाळेला दरवर्षी 'यूडायस प्लस' या सरकारी प्रणालीत आपली माहिती भरावी लागते. वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहं किती, वीज आहे का, पिण्याचं पाणी आहे का, असे ढीगभर प्रश्न त्यात असतात. एका ठिकाणी विचारलेलं असतं, दिव्यांग मुलांना इमारतीत जाण्यासाठी रॅम्प आहे का? दुसऱ्या ठिकाणी विचारलेलं असतं, शाळेत परसबाग आहे का? मुख्याध्यापक दोन्हीकडे 'होय' भरतात. दोन्ही उत्तरं खरी असतात. तरीही बागेचा तास असला की व्हीलचेअरवरची मुलगी व्हरांड्यातच बसून राहते. रॅम्प उतरल्यावर वाफ्यापर्यंत तीस पावलांची भुसभुशीत माती असते, आणि त्या तीस पावलांबद्दल फॉर्ममध्ये प्रश्नच नसतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे अशा हो-नाहीच्या रकान्यांशी माझा रोजचा संबंध आहे. आमच्या धंद्यातली एक जुनी खोड सांगतो. प्रत्येक भाग सुटासुटा तपासायचा, सगळे भाग पास झाले की काम संपलं म्हणायचं. माणूस पहिल्या स्क्रीनपासून शेवटच्या स्क्रीनपर्यंत पोचतो का, हे बघायचं राहून जातं. लॉगिन चालतं, पैसे भरायचं पान चालतं, पण एकावरून दुसरीकडे नेणाऱ्या बटणाला नाव दिलेलं नसतं, त्यामुळे स्क्रीन रीडर ते नीट वाचू शकत नाही. अंध माणसासाठी मग ते पैसे भरायचं पान नसल्यातच जमा. शाळेच्या बागेचं नेमकं हेच झालं आहे. रॅम्पही आहे, बागही आहे, पण दोघांना जोडणारी वाट नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं : जिथे पोचता येत नाही ती बाग त्या मुलापुरती नाहीच, आणि ती वाट असं मूल शाळेत यायच्या आधी तयार असली पाहिजे.

बाग हा वर्गच आहे

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. बाग म्हणजे शाळेची शोभा, त्यामुळे एखाद्या मुलाला तिथे जाता आलं नाही तर फार बिघडत नाही, असं पुष्कळांना वाटतं. अभ्यास तर वर्गात होतोय ना!

होत नाही. तिसरी ते पाचवीच्या मुलांना परिसर अभ्यास हा विषय आहे. पर्यावरणाचं शिक्षण शाळांत सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सांगितलं आणि २००३ मध्ये पुन्हा बजावलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांमधल्या पोषण-बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांनी स्वतः भाजी पिकवावी, ती दुपारच्या आहारात यावी, आणि त्यातून माती, पाणी, पोषण यांची समज यावी, असा त्यामागचा विचार आहे. म्हणजे मेथीचं बी पेरणं, ते किती दिवसांनी उगवलं ते वहीत लिहिणं, पानावरची अळी बघून किंचाळणं आणि मग तीच अळी काडेपेटीत घालून वर्गात आणणं, हे सगळं शिक्षण आहे. सरकारी कागदावरही आणि खरोखरही.

मग ज्या मुलाला तिथे नेलंच जात नाही, त्याचा तो तास बुडतो. दर आठवड्याला. हजेरीपटावर तो हजर असतो, एवढंच. इतर मुलांनी लावलेल्या पालकाची खिचडी त्याच्या ताटात येते, पण पालक जमिनीतून कसा वर येतो हे त्याला पुस्तकातल्या चित्रावरूनच कळतं.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. शाळेचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ती कोणतीही असू शकली असती. खड्डे आधीच खणलेले होते, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट होते, ड्रोन होता. पायात कॅलिपर घातलेला एक मुलगा पायरीवर बसला होता. त्याला काम दिलं होतं टाळ्या वाजवायचं. शेवटी एक बाई एक रोप त्याच्यापर्यंत घेऊन आल्या, त्याच्या हातात दिलं, फोटो काढला आणि रोप परत नेलं. त्या दिवशीच्या फोटोंमध्ये सर्वांत जास्त लाईक त्यालाच मिळाले असतील. रोप मात्र दुसऱ्या कोणीतरी लावलं.

त्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण चांगल्या मनाने खड्ड्यापर्यंत रस्ता तयार होत नाही.

'आमच्याकडे असं मूलच नाही'

हा विषय काढला की पहिलं उत्तर हेच येतं. "अहो, आमच्या शाळेत व्हीलचेअरवालं कोणी नाहीच. आलं की करू."

हे वाक्य वरकरणी व्यवहारी वाटतं. पण आई-वडील शाळा बघायला येतात तेव्हा पायऱ्या, मैदान, संडास बघतात आणि मूल घरी ठेवतात, किंवा लांबच्या विशेष शाळेच्या वसतिगृहात पाठवतात. मग शाळा म्हणते, बघा, आमच्याकडे असं मूल नाही. सोय नाही म्हणून मूल नाही, आणि मूल नाही म्हणून सोय नाही. प्रोग्रामरच्या भाषेत हा असा लूप आहे, ज्यातून बाहेर पडायची अटच कोणी लिहिलेली नाही.

दुसरं असं की दिव्यांग मूल म्हणजे फक्त व्हीलचेअर, हेच मुळात चूक. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अंशतः दृष्टी असलेलं मूल आहे, कमी ऐकू येणारं आहे, सेरेब्रल पाल्सी असलेलं आहे, स्वमग्न आहे, बौद्धिक अक्षमता असलेलं आहे, सिकलसेल आणि हिमोफिलिया असलेलंही आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि तेव्हा तर प्रकार आठच मोजले होते. 'आमच्याकडे कोणी नाही' म्हणणाऱ्या शाळेतल्या एखाद्या वर्गात मागच्या बाकावरच्या कोणाला तरी फळा दिसत नसतो.

आता वढू बुद्रुकचं बघा. शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं हे गाव. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी इथे आहे, त्यामुळे महाराष्ट्राला ते माहीत आहे. फाल्गुन अमावास्येला महाराजांच्या पुण्यतिथीला इथे हजारो लोक येतात. म्हातारी माणसं, लहान मुलं कडेवर घेतलेल्या आया, काठी टेकत येणारे. मागच्या वर्षी काठीवाले किती आले होते ते मोजा, मगच वाट नीट करू, असं कोणी म्हणतं का? नाही म्हणत. श्रद्धेच्या जागेची वाट आपण येणाऱ्याच्या आधी करतो. वढू-तुळापूरच्या स्मारकासाठी २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात २५० कोटी रुपये जाहीर झाले, तेव्हाही कोणी भाविकांची यादी मागितली नाही. मागूही नये. मग वढूच्या असोत की तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावच्या, शाळेच्या तीस पावलांसाठीच आधी मूल दाखवा, हा हट्ट का?

कायद्याचंही हेच म्हणणं आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार शाळेने इमारत, परिसर आणि सगळ्या सुविधा दिव्यांग मुलांना वापरता येतील अशा करायच्या आहेत. फक्त इमारत असं तिथे लिहिलेलं नाही, परिसर हा शब्द स्पष्ट आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ ने पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. सुगम्यतेचे निकष नुसत्या सल्ल्यासारखे ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत आहे. काही निकष सक्तीचे करा, आणि ते तीन महिन्यांत. याच निकालात न्यायालयाने दोन कर्तव्यांमधला फरकही मांडला आहे. एखाद्या विशिष्ट व्यक्तीने मागितल्यावर तिच्यासाठी करायची सोय वेगळी, आणि कोणी मागायच्या आधीच सर्वांसाठी करून ठेवायची सुगम्यता वेगळी. 'आलं की करू' हे उत्तर या दुसऱ्या कर्तव्यापुढे टिकत नाही.

मुरूम, फरशी आणि एकास बारा

"बरोबर आहे, पण हे परदेशात ठीक. आपल्याकडे पैसा कुठे?" हे दुसरं उत्तर.

चला, हिशोबच करू. उताराचं साधं प्रमाण एकास बारा आहे. म्हणजे १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर ५ मीटर ४० सेंटिमीटर. हे गणित सातवीचं मूल करू शकतं, आणि खरं तर त्यालाच करायला द्यावं. वाटेची रुंदी १२० सेंटिमीटर पुरते.

भीमाकाठच्या काळ्या मातीची खोड सगळ्यांना माहीत आहे. पावसात घोटाभर चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा. दोन्हींत व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक रुततं. म्हणून वरची माती काढून मुरूम टाकायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, वर खडीचा बारीक चुरा दाबायचा आणि कडेने पाणी निघून जायला चर ठेवायचा. जमलं तर शहाबादी फरशी, पण घासून गुळगुळीत केलेली नको. गावात कोणाच्या घराचं काम निघालं की उरलेल्या मालात एवढी वाट होते. शेताचा रस्ता नीट करता येतो त्या गावाला हे अवघड नाही.

मग वाफे. जमिनीवरचा वाफा व्हीलचेअरवरच्या मुलाला किंवा कंबरेतून वाकता न येणाऱ्या मुलीला उपयोगाचा नाही. दोनचार वाफे साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर उंचीवर हवेत, आणि एखाद्याखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा हवी. सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात निळे प्लास्टिकचे ड्रम सहज मिळतात. उभा अर्धा कापलेला ड्रम लोखंडी घोडीवर ठेवला की वाफा तयार. फक्त त्यात आधी रसायन भरलेलं नव्हतं याची खात्री करायची, खाण्याच्या वस्तूंचेच ड्रम घ्यायचे.

खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की पकड कमी असलेल्या हातालाही ते धरता येतं. झारी जड जात असेल तर ठिबकची एक छोटी तोटी उघडण्याचं काम त्या मुलाचं. वाटेच्या कडेने कमरेच्या उंचीवर एक दोरी, प्रत्येक वाफ्यापाशी दोरीला गाठ, म्हणजे अंध मुलगी गाठी मोजत एकटी जाते. वाफ्यावर मोठ्या अक्षरांची आणि ब्रेलमधली पाटी. कडांना पांढरा चुना किंवा पिवळा रंग, म्हणजे कमी दिसणाऱ्याला वाट कुठे संपते ते कळतं. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी एक पैशाचाही खर्च नाही. बाईंनी वाफ्याकडे तोंड करून बोलायचं थांबवून मुलाकडे तोंड करून बोलायचं. स्वमग्न मुलाला गोंगाट सहन होत नाही, त्याच्यासाठी बागेच्या एका कोपऱ्यात झाडाखाली एक बाक आणि तिथे कोणी ओरडायचं नाही, एवढा नियम.

झाडंही विचार करून लावायची. तुळस, सब्जा, गवती चहा, पुदिना, पानओवा, कढीपत्ता, मोगरा. पान चुरगाळलं की डोळे मिटूनही ओळखता येतात. कण्हेर मात्र वाटेपाशी नको, ती विषारी आहे. हाताने आणि नाकाने ओळखायच्या बागेत चुकून तोंडात गेलेलं पान हा खरा धोका असतो. बोगनवेलीच्या काट्यांची जागा कुंपणाला.

या सगळ्यात महागडं यंत्र एकही नाही. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला पारडी भागात ९० हजार चौरस फुटांचं, सुमारे १२ कोटींचं 'अनुभूती' उद्यान जाहीर झालं. स्पर्श आणि गंधाची बाग हा त्याचा भाग आहे. चांगलंच आहे, व्हावंच. पण शिरूरमधलं मूल रोज सकाळी नागपूरला जाऊ शकत नाही. त्याला त्याच्या शाळेतला पुदिना हवा आहे.

'पडेल, लागेल, आणि ही निसर्गाची बाग राहणार नाही'

पैशाचा मुद्दा संपला की काळजीचा मुद्दा येतो. मूल पडलं तर? साप निघाला तर? आमच्या भागात उसात बिबट्या असतो, ही भीती काही खोटी नाही. पण साप आणि बिबट्या मुलाचं प्रमाणपत्र बघून येत नाहीत. कुंपण, कापलेलं गवत आणि एक मोठं माणूस सोबत, हे सगळ्याच मुलांना हवं आहे. धोक्याचं कारण सांगून फक्त एकाच मुलाला व्हरांड्यात बसवलं जातं, तेव्हा ती काळजी राहत नाही. मोठ्यांना आपली जबाबदारी हलकी करून हवी असते.

निसर्गप्रेमी मित्र म्हणतात, वाटा-बिटा केल्या की बाग कृत्रिम होते. त्यांना विचारावंसं वाटतं, वाफा कुठे जंगलात उगवला होता? बाग ही माणसाने केलेलीच असते. सगळीकडे सिमेंट ओता असं कोणीच म्हणत नाही. एक वाट, बाकी सगळं हवं तेवढं रानटी ठेवा.

आणि 'त्यांना बागेचं काम जमणार नाही' असं ज्यांना वाटतं, त्यांनी वरोऱ्याचं आनंदवन आठवावं. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी ते सुरू केलं. कुष्ठरोगाने बोटं झडलेल्या माणसांनी तिथल्या माळरानावर विहिरी खोदल्या आणि शेती उभी केली. महाराष्ट्राने हे बघून पाऊणशे वर्षं होत आली. तरी शाळेत आपण अजून मुलाच्या हातात खुरपं द्यायला घाबरतो.

शब्दांच्या बाबतीत मात्र आपण फार पुढे गेलो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणा असं सुचवलं आणि पाट्या भराभर बदलल्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. विभाग हवाच. पण पाटी बदलायला रंगाचा एक डबा लागतो, पायरीचा उतार करायला दिवसभराची मजुरी. आपण आधी काय केलं ते दिसतंच आहे.

पैसा आहे, विचारायचं राहिलंय

यात मी शिक्षकांना धरून झोडपणार नाही. दोन शिक्षकी शाळेत शिकवणं, आहाराचा हिशोब, ऑनलाईन माहिती आणि निवडणुकीचं काम एकाच माणसाच्या गळ्यात असतं. ज्या गोष्टीचे गुण मिळतात, ती तो करतो. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानाच्या पहिल्या वर्षी राज्यस्तरावरचं पहिलं बक्षीस ५१ लाखांचं होतं. अशा स्पर्धेच्या गुणपत्रकात एक ओळ घाला : गेटपासून वाफ्यापर्यंत चाकावरचं मूल एकटं जाऊ शकतं का? तपासणीला येणाऱ्या साहेबांनी ते अंतर स्वतः व्हीलचेअरवर बसून कापायचं. एका वर्षात वाटा तयार होतील, कारण मग त्या मोजल्या जातील. यूडायसच्या फॉर्मातही हा एक प्रश्न वाढवायला कोडच्या चार ओळी लागतात, हे मी खात्रीने सांगतो.

गावाच्या पातळीवर तर थांबायचं कारणच नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कारखान्यांची करवसुली असलेल्या पंचायतींसाठी ही रक्कम थोडी नाही. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षणहक्क कायद्यानुसार ७५ टक्के पालक असतात. आणि लोकसहभाग म्हणजे काय हे शिरूर तालुक्याला शिकवायला नको. शिक्रापूरजवळची वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा गावकऱ्यांच्या बळावर राज्यभर गाजली. तेवढ्या मोठ्या कामापुढे एक वाट म्हणजे दोन रविवारांचं श्रमदान.

हे तुम्ही फोनवर वाचताय. कदाचित डार्क मोडमध्ये, कदाचित अक्षरं मोठी करून. बसमध्ये आवाज बंद करून रील बघताना खाली उमटणारा मजकूर तुम्हाला सोयीचा वाटतो. व्हिडिओवर शब्द उमटवायची ही पद्धत मुळात ऐकू न येणाऱ्यांसाठी रुळली. तुम्ही ती रोज वापरता. शाळेतली वाटही अशीच वापरली जाईल. पाय प्लास्टरमध्ये असलेला कबड्डीपटू तिच्यावरून जाईल. नातवाला सोडायला आलेली आजी, भाजी तोडून टोपली घेऊन येणाऱ्या आहार शिजवणाऱ्या ताई, गरोदर शिक्षिका, सगळ्या त्याच वाटेने जातील.

तेव्हा एक काम करा. पुढच्या १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला तुमच्या जुन्या शाळेत झेंडावंदनाला जा. बाळाची ढकलगाडी घेऊन गेटपासून बागेतल्या पहिल्या वाफ्यापर्यंत चालत जा. ती जिथे अडेल तिथला फोटो काढा. त्याच सुमारास ग्रामसभा असते. तिथे तो फोटो दाखवा आणि ५ टक्क्यांचा हिशोब मागा. मूल कुठे आहे, असं कोणी विचारलं तर सांगा, मूल घरी आहे, आणि त्याची आई ही वाट कधी होते याकडे लक्ष ठेवून आहे.